हातभर लांब, वीतभर रुंद

किती तांदूळ धुवायचे हे आमची आजी दाराच्या आवाजावरून ठरवायची. दार वाड्याचं नव्हे, गाडीचं. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यासमोर गाडी थांबली की ती हातातलं काम सोडून कान देई. 'टक्' आवाज आला की दादरचा भाऊमामा. म्हणजे फियाट. म्हणजे चार माणसं, फार तर पाच, आणि वार गुरुवार असेल तर त्यातलं एक उपासाचं. 'धप्प' आवाज आला की साताऱ्याकडचे तात्याकाका. म्हणजे अँबॅसिडर. मग आजी धप्प मोजत उभी राही. दारं चारच, पण धप्प सात-आठ तरी व्हायचे. उतरणारे संपले असं वाटून दार लावावं, तर आतून कोणीतरी "अरे, मी राहिलो" म्हणून ओरडे. मोजणी संपली की आजी आत वळून एवढंच म्हणायची, "मोठं पातेलं काढा."

तेव्हा मोटार घ्यायची म्हणजे फारसा विचार करावा लागत नसे. दोनच होत्या. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड होती म्हणा, पण आमच्या घरात तिला अपक्ष उमेदवाराइतकीच मतं पडत. विचार करायला वेळ मात्र भरपूर मिळे, कारण पैसे भरले म्हणून गाडी मिळत नसे. नंबर लागावा लागे. नंबर लागेपर्यंत माणसाची मुलं शाळेतून कॉलेजात जात. मामाने नंबर लावला तेव्हा तो सडा होता आणि गाडी आली तेव्हा तिच्यात मागे बाळंतिणीला झोपवून आणता आली. त्यामुळे आलेल्या गाडीवर माणसाचा जीव जडे. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेली वस्तू वाईट आहे असं म्हणायची हिंमत कोणात असणार?

मामा आणि तात्या यांच्यात एरवी वैर काही नव्हतं. मामा आईचा भाऊ, तात्या वडिलांचे थोरले भाऊ. एकमेकांना "भाऊसाहेब" आणि "तात्या" म्हणत, पहिल्या भाताची वाढणी एकमेकांकडे सरकवत. पण ताक वाढेपर्यंत विषय गाड्यांवर येई. मग मूद मोडलेली तशीच राही.

मामाचा पहिला मुद्दा स्वदेशीचा असे, आणि तो एका इटालियन गाडीच्या बाजूने असे. फियाट ११०० तयार होई कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. वालचंद जन्माने सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्हींत हात घातलेला माणूस. कुर्ल्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, आणि १९५४ पासून ही ११००. "आपल्या माणसाची गाडी आहे तात्या, आणि तीही कुर्ल्याची," मामा म्हणे. दादरहून कुर्ला तीन-चार स्टेशनांवर असल्यामुळे गाडी जणू शेजारच्या आळीतली मुलगी होती.

त्या हिशेबाने अँबॅसिडर परकी. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने १९४२ साली गुजरातेत ओखा बंदरावर संसार मांडला, पुढे तो उचलून कलकत्त्याजवळ हुगळीकाठी उत्तरपाड्याला नेला, आणि तिथे १९५८च्या सुमाराला ऑक्सफर्डची अँबॅसिडर झाली. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा हिंद मोटर. मामा हे सगळं सांगून शेवटी ठेवणीतला बाण काढी : "तात्या, तुम्ही साखर कारखान्याचे संचालक. वालचंदांनी इंदापुराजवळ साखर कारखाना उभा केला. तुम्ही तर आमच्या बाजूला पाहिजे."

तात्या मिशीवरून ताकाचा हात फिरवून म्हणत, "कारखाना काढला म्हणून तर सांगतो. चेअरमन फियाटीत मावत न्हाई."

यावर मामाकडे उत्तर नसे. कारण हे खरं होतं.

आता हे मावण्याचं प्रकरण जरा मोजूनच सांगतो. अँबॅसिडर साधारण ४.३ मीटर लांब, फियाट ३.९. म्हणजे फरक जवळजवळ हातभर. रुंदीत फरक वीसेक सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. हातभर आणि वीतभर. एवढ्याशा जागेत आपल्याकडे काय काय बसतं हे मोटारी बनवणाऱ्या इंग्रजाला किंवा इटालियनला कधी कळलं नसेल. त्या वीतभर रुंदीत एक आत्या बसते. हातभर लांबीत तिची वळकटी, फिरकीचा तांब्या, लोणच्याची बरणी आणि उतरताना "हे कोणाचं?" म्हणून सगळ्यांनी नाकारलेलं एक गाठोडं. दोन्ही गाड्यांना पुढे सलग बाक असे आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्याला हँड गिअर म्हणत. पायाशी दांडा नाही म्हटल्यावर पुढे ड्रायव्हर धरून तिघं बसायला कायद्याने नसली तरी निसर्गाने मुभा होती. अँबॅसिडरमध्ये तिसऱ्याच्या मांडीवर चौथा. फियाटमध्ये तिसरा बसला की मामाला दुसरा गिअर टाकताना त्याच्या गुडघ्याची परवानगी घ्यावी लागे.

शिवाय मामाची पहिली फियाट जुन्या घाटाची होती. पुढे निमुळतं नाक, गोल पाठ. मुंबई-पुण्याकडे तिला एका शब्दाने ओळखत आणि आजही जुन्या गाड्यांचे शौकीन त्याच शब्दाने तिचा भाव करतात : डुक्कर फियाट. मामाच्या घरी तो शब्द वर्ज्य होता. तो तिला 'मिलेचेंतो' म्हणे. इटालियनमध्ये अकराशे. तात्या दर भेटीत आधी मामीची, मग मुलांची आणि मग तितक्याच आस्थेने विचारत, "आन् डुक्कर काय म्हणतंय?" तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, म्हणजे बिजागरी मागे. त्यामुळे गाडीत बसताना गाडीकडे पाठ करून, रुसल्यासारखं, मागे मागे सरकत आत जावं लागे. मामीला ते फार शोभून दिसे.

पुढे मामाने ती विकून नवी घेतली तेव्हा तिचं नाव पद्मिनी झालेलं होतं. इटलीशी जुना करार संपला होता. आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव, पण ते घेतलं कोणीच नाही. 'पद्मिनीने आलो' असं म्हणालेला एकही माणूस मला माहीत नाही. म्हणणाऱ्याच्या बायकोने खुलासा मागितला असता, हे एक कारण. मुंबईच्या व्हीटी स्टेशनचं जे झालं तेच इथे झालं. सरकारदरबारी नाव काहीही असो, टॅक्सीवाल्याला जे सांगायचं ते माणूस बदलत नाही. ती गाडी फियाटच राहिली.

पण खरा फरक लांबी-रुंदीचा नव्हताच, असं मला पुढे वाटू लागलं. फरक माणूस कुठल्या दाराने आत शिरतो याचा होता.

फियाट ही चालवायची गाडी होती. फियाटचा मालक उजव्या पुढच्या दाराने चढे. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, एखादा नाटकवाला. आडगावात फियाट शिरली की लोक विचारत, "कोण आजारी आहे?" रविवारी सकाळी मामा बनियन घालून गाडी धूत असे. आधी पाण्याने, मग पिवळ्या फडक्याने, मग त्याच फडक्याने चष्मा. चोक किती ओढायचा हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं, थंडीत दीड बोट, पावसाळ्यात एक. गाडी सुरू झाली की तो मान तिरकी करून इंजिन ऐकत बसे, जसा जुना माणूस तंबोरा लागलाय की नाही ते ऐकतो. आम्हा पोरांना दार ढकलायची परवानगी नव्हती. दार लावायचं तर नुसतं टेकवायचं. उरलेलं काम मामा स्वतः बाहेर येऊन करी. 'टक्' तो.

अँबॅसिडर ही मागे बसायची गाडी. तिच्या मालकाला स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं हे माहीत असायचं कारणच नव्हतं. कलेक्टर, आमदार, चेअरमन, मंत्री सगळे मागच्या डाव्या कोपऱ्यात. सीटच्या पाठीवर पांढरा टॉवेल, काचांना पडदे, ज्यांना असेल त्यांना टपावर दिवा. तात्यांना दिवा नव्हता. त्याची उणीव टॉवेल दोन ठेवून भरून काढली होती. गाडी चालवे त्यांचा ड्रायव्हर, ज्याला सगळे पैलवान म्हणत. तो खरंच तालमीतला होता आणि ते उगाच नव्हतं. उभ्या अँबॅसिडरचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे मोटेचं चाक फिरवण्यासारखं. आमच्या बोळातून ती बाहेर काढताना पैलवान आधी बाह्या सारी, मग 'बजरंगबली' म्हणे, आणि मग दोन वेळा मागे, दोन वेळा पुढे. बोळातल्या ओट्यांवर बघायला माणसं बसत. मामा मात्र त्याच बोळातून एका दमात बाहेर पडे आणि कोपऱ्यावर उगाचच हॉर्न वाजवी. मागे उभ्या असलेल्या तात्यांसाठी.

'पॉवर' हा शब्द म्हणूनच आमच्या जेवणात दोन अर्थांनी फिरे. मामा म्हणे पॉवर, तेव्हा त्याच्या मनात अश्वशक्ती असे. तात्यांच्या मनात चौकातला पोलीस असे. फियाट दिसली की तो हात आडवा करी आणि अँबॅसिडर दिसली की तोच हात आपोआप कपाळाकडे जाई. आत कोण बसलंय हे पडद्यामुळे कळत नसे. एकदा त्या गाडीत मागे नुसती आजी होती आणि मांडीवर फणस. सलाम फणसाला मिळाला.

तरीही अश्वशक्तीचा निकाल लावायचाच, म्हणून एकदा मे महिन्यात दोन्ही गाड्या एकदम जोतिबाला निघाल्या. मामा पहाटे पाचला तयार. तात्या पाचला उठले. अँबॅसिडरमध्ये ड्रायव्हर धरून अकरा माणसं, फियाटमध्ये सहा. कात्रजचा घाट दोघींनी गप्प चढला. खंबाटकीत मात्र ऊन डोक्यावर आलं. मामाची गाडी खालच्या गिअरमध्ये तारस्वरात गात पुढे, मागून तात्यांची खर्जात. आणि मग मधल्या वळणावर दोन्ही, दहा पावलांच्या अंतराने, बंद.

दोष गाड्यांचा नव्हता; इतकी माणसं घेऊन भर मेच्या दुपारी बैलसुद्धा बसला असता. इंजिनावर पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो, तो आणि त्याची नळी अति तापली की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत राहतो आणि कार्बुरेटरला पेट्रोल पोचत नाही. यावर कंपनीचं पुस्तक काय सांगतं ते कोणी वाचलेलं नव्हतं, पण इलाज सगळ्या महाराष्ट्राला पाठ होता : पंपावर ओलं फडकं. मामाने पिवळं फडकं काढलं. तात्यांनी पाठीवरचा टॉवेल ओढला. पिण्याचं पाणी एकाच गाडीत होतं, फिरकीच्या तांब्यात, आणि ते आत्याच्या ताब्यात. "आधी थोरल्याच्या गाडीवर," आत्या म्हणाली. मामाला हा निर्णय पक्षपाती वाटला. पंपांना गारवा मिळेपर्यंत सतरा माणसं आंब्याच्या सावलीत बसली आणि दुपारसाठी बांधलेले दहीपोहे तिथेच संपले. दोन्ही गाड्या बरोबरच सुरू झाल्या. कोण आधी पोचलं यावर पुढे दोन तपं वाद चालला. मी फियाटमध्ये होतो आणि मला गाडी लागली होती, त्यामुळे माझी साक्ष ग्राह्य धरली गेली नाही.

फार वर्षांनी एका रिकाम्या दुपारी मी हा वाद कागदावर सोडवायला बसलो. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, मूळ घराणं १९३७ सालच्या इटालियन गाडीचं. ताकद सुमारे ४० घोडे, वजन ९०० किलोच्या आसपास. अँबॅसिडरचं १४८९ सीसी, ताकद पन्नासच्या घरात, वजन साधारण ११०० किलो. चारशे सीसींचा आणि दहा घोड्यांचा फरक म्हणजे तात्यांची बाजू भक्कम. मग मी वजनाला घोड्यांनी भागलं. फियाटच्या एका घोड्याच्या वाट्याला साडेबावीस किलो. अँबॅसिडरच्या, बावीस.

मी भागाकार पुन्हा केला. अर्धा किलो! म्हणजे दोन खानदानांनी तीस वर्षं ताटं वाळवली ती अर्ध्या किलोवरून. अर्धा किलो म्हणजे निघताना आई दोन्ही गाड्यांत बांधून द्यायची ती बाकरवडी. ती बाकरवडी तात्यांच्या गाडीतून काढून मामाच्या गाडीत ठेवली असती तर काय, नसती तर काय! पेट्रोलचा हिशेब तेवढा मामाच्या बाजूचा होता. त्याची गाडी लिटरला बारा-तेरा किलोमीटर जाई, तात्यांची नऊ-दहा. पण तात्या पेट्रोलचा हिशेब माणशी मांडत, आणि अकराने भागल्यावर जगात काहीही स्वस्त पडतं.

हा भागाकार मी दोघांनाही दाखवला नाही. दाखवून कोणाचं भलं झालं असतं? शिवाय त्याच कागदावर खाली मी तिसरी गाडी मांडली होती, आणि ती फार बोचरी होती.

ती आमच्याच घरात आली होती. आमचे वडील आयुष्यभर स्कूटरवर. जेवणातल्या वादात ते तोंड उघडत नसत, फक्त मीठ लागलं तर. १९८३ साली मारुतीचं बुकिंग सुरू झालं तेव्हा ते कोणाला न सांगता जाऊन पैसे भरून आले. १४ डिसेंबरला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली मारुती ८०० दिली गेली. आमची यायला अर्थातच वेळ लागला. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मामा आणि तात्या तिला बघायला आले. दोघांनी तिच्याभोवती उलटसुलट प्रदक्षिणा घातल्या. मामाने बॉनेट वाजवून पाहिलं. तात्यांनी आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. ते अडकलं होतं, असं काहींचं म्हणणं.

"बिस्किटाचा डबा," मामा म्हणाला.

"काडेपेटी," तात्या म्हणाले.

आणि आमच्या घराण्याच्या इतिहासात प्रथमच युती झाली. त्या दिवशी मूद गरम असताना खाल्ली गेली. वडील हसत होते, आणि मीठही मागितलं नाही. माझ्या कागदावर मारुतीच्या एका घोड्याला ओढायला येत होते सतरा-अठरा किलो.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर मी दोन्ही गाड्या चालवल्यात आणि दोन्हींत झोपलोही आहे. चालवायला फियाट. झोपायला अँबॅसिडर, मागे, काच अर्धी उघडी, डोकं आत्याच्या मांडीवर. खड्डे तिलाही लागत, पण ते कोणीतरी दुसऱ्याला लागल्यासारखे वाटत. फियाटमधला खड्डा थेट आपला असे. मुंबईने टॅक्सीसाठी फियाट घेतली आणि कलकत्त्याने अँबॅसिडर, याचं कारण कारखाना ज्याच्या त्याच्या दारात होता हेच. पण दोन शहरांच्या स्वभावालाही ते बरं जमून गेलं. मुंबईकराला वळणावर घुसायचं असतं. बंगाली माणसाला मागे रेलून बोलायचं असतं.

पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं. अँबॅसिडर त्यानंतरही चालत राहिली, २०१४च्या मे महिन्यापर्यंत. ती बातमी तात्यांनी मामाला फोन करून स्वतः सांगितली, कोणाच्या तरी मयताची सांगतात तशी. मामाने हिशेब ठेवला. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीचं आयुष्य कायद्याने वीस वर्षं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला तीही काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. तेव्हा मामाने उलटा फोन केला. "तात्या, तुमच्यापेक्षा नऊ वर्षं जास्त काढली आमचीने."

"भाड्याने," तात्या म्हणाले.

त्याच हिवाळ्यात माझ्या पुतणीचं लग्न होतं. हल्ली नवरदेव घोड्यावरून येत नाही, जुन्या गाडीतून येतो. म्हणजे घोडे असतात, फक्त बॉनेटखाली. जुन्या गाड्या भाड्याने देणाऱ्याकडे फियाट त्या मुहूर्ताला आधीच गेलेली होती, म्हणून अँबॅसिडर आली. पांढरी, झेंडूच्या माळा घातलेली. फियाट आधी गेली याचा अर्थ मामाने दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगितला.

दुपारी पंगत उठल्यावर दोघे म्हातारे दिसेनात. एक नव्वदीला टेकलेला, दुसरा पंच्याऐंशीचा, शोधाशोध झाली. कार्यालयाच्या मागे ती अँबॅसिडर उभी होती आणि हे दोघे तिच्यात. तात्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, काठी मांडीवर, नजर बाहेर, कोणी सलाम करतंय का बघत. मामा पुढे, स्टिअरिंगवर. आयुष्यात पहिल्यांदा तो अँबॅसिडरच्या त्या बाजूला बसला होता. चावी नव्हती. त्याने हँड गिअर चाचपला, मान तिरकी करून बंद इंजिन ऐकलं, आणि मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवायला गेला. ते तसूभर हललं आणि थांबलं. त्याने पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला.

"अहो तात्या, किती जड आहे हो हे!"

तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मंग? मी काय उगंच मागं बसत होतो व्हय, भाऊसाहेब?"